म्या रेवतीताईले थांबवलं

माह्यं नाव सुनंदा रामटेके. पण रायपूरच्या या उरल्यात येऊन सुनंदा रामटेके कुठं राहते म्हणाल तर कोणी सांगणार नाई, सीटीवाली मैडम म्हणा, शिट्टीवाली, मंग पानठेल्यावरचा माणूस बी तुमाले दारापर्यंत आणून सोडते. तुमाले बी त्यानंच आणलं ना? मले माहीत होतं. बसा. चहा ठेवते, बोलत बोलत होते.

आमचं मूळ गाव भंडारा जिल्ह्यातलं, साकोलीच्या अलीकडं. माह्ये बाबा रेल्वेत लागले, वर्कशॉपात फिटर, म्हून रायपूरले आले. तवा हे छत्तीसगड नव्हतं, मध्य प्रदेश होता, राजधानी भोपाळ, आणि रायपूर म्हंजे भाताचं आणि रेल्वेचं गाव. मी इथंच रेल्वेच्या क्वार्टरमध्ये जन्मली. घरात आमची मराठी, शाळेत हिंदी, गल्लीत छत्तीसगढी, म्हून माह्या बोलण्याची अशी खिचडी हाये, तुमी लिहितानी सांभाळून घ्या, नाई तर नका घेऊ, जशी हाये तशी राहू द्या. माह्या पोराचं तर त्याच्याहून निराळं, मी मराठीत बोलते, तो हिंदीत उत्तर देते. म्या म्हणते कानात जाऊन राहिली ना, तोंडातून कायबी निघो.

पोहणं मी मामाच्या गावी शिकली. आमच्याकडं छोट्या तलावाले बोडी म्हणतात, गावोगावी बोड्या, उन्हाळ्यात आमी पोट्टे-पोट्ट्या सकाळपासून पाण्यात. शिकवलं कोणी म्हणाल तर म्हशीनं. खरंच सांगते, म्हशीचं शेपूट धरायचं आणि ती नेईन तिकडं जायचं, मंग एक दिवस शेपूट सुटते आणि तुमी पोहून राहिले असता. सायकल शिकली बाबाची ड्युटीची, मोठी, सीटवर पाय पुरत नव्हते म्हून दांड्याच्या खालून पाय घालून कैची चालवायची. आणि धावणं कोणी शिकवते का? माय आवाज देये, मी धावे. तर तिन्ही गोष्टी मी दहाव्या वर्षी करत होती, पण हे तिन्ही एकामागं एक केलं की त्याले ट्रायथलॉन म्हणतात आणि त्याच्यासाठी लोक विमानात बसून परदेशात जातात, हे मले पन्नाशी उलटली तवा समजलं.

धावण्यात मी चांगली होती. चांगली म्हंजे जिल्ह्यात पहिली. मंग भोपाळले राज्याच्या स्पर्धेत गेली, आठशे मीटर. शेवटच्या वळणावर एक पोट्टी माह्या अंगावरून आत घुसली, खांदा मारला, मी लाइनीच्या बाहेर, आणि झेंडीवाला साहेब तिथंच उभा, त्यानं पाहिलं. माह्या डोळ्यात पाहिलं त्यानं. आणि झेंडी खालीच ठेवली. मंग कळलं, ते पोट्टी कोण्या मोठ्या साहेबाची होती. मी चौथी आली. त्या झेंडीवाल्यानं माह्या डोक्यावर हात ठेवला, म्हणे बेटा, अगली बार. आता तुमी पाहा, हरल्याचं मले काही वाटलं नाई, हरणं तर रोजचंच, पण त्या माणसाचा तो हात, तो डोक्यावरचा, तो मले लई दिवस जाणवला.

असो. मंग म्या शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली, सरकारी शाळेत लागली, पीटीआई. लग्न झालं, आमचे हे इथं उरल्याच्या एका रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवत, आता रिटायर झाले, बाहेर झाडायले पाणी घालून राहिले ना, तेच. शाळा बी उरल्यातच मिळाली. उरला तुमी येतानी पाहिलंच, ट्रक, धूळ, सळाखी. माह्या शाळेतल्या पोट्ट्याचं नाक पुसलं तर रुमाल काळा होते. पण दम पाहा त्यायचा! धुरात वाढलेले पोट्टे, मैदानात सोडले की थांबत नाईत. शहरातल्या शाळेतले मास्तर मले विचारत, मैडम, तुमचे लेकरं काय खातात? म्या म्हणो, बासी खातात. रातच्या भातात पाणी घालून सकाळी खायचा, त्याले बासी म्हणतात इथं.

मंग नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि तेलीबांध्याच्या पुढं ते नवं रायपूर बांधायले लागले. काय रस्ते, काय रस्ते! सहा-सहा गाड्या बाजूबाजूनं जातील एवढे, आणि त्याच्यावर सुरुवातीले कोण, तर कुत्रे आणि पिंजऱ्यातले झाडं. मी म्हणत होती, एवढा रस्ता करून ठेवला, याच्यावर कोणाले तरी धावू द्या. तर तसंच झालं. तेलीबांध्याकडच्या काही सायकलवाल्या लोकायनं समिती केली आणि लहान लेकरांची ट्रायथलॉन ठरवली. स्विमिंग पूलमध्ये पोहायचं, मंग रस्ता बंद करून सायकल, मंग धावायचं. लहानायले कमी, मोठ्यायले जरा जास्त. आणि पंच म्हून काम करायले व्यायामाचे शिक्षक पायजे होते. मी पहिली जाऊन बसली. दोन दिवसांचं शिबिर, हातात नियमांचं पुस्तक, एक खाकी जाकीट, एक शिट्टी.

आता एक नियम तुमाले सांगते, कारण सारी गोष्ट त्याच्यावरच हाये. पोहून आले की लेकरं एका जागी येतात, तिथं लाइनीनं सायकली लावलेल्या असतात. आधी डोक्यावर हेल्मेट, हनुवटीखाली पट्टा लावायचा, टक्क वाजलं पायजे, मंगच सायकलीले हात लावायचा. आणि परत आल्यावर उलटं, आधी सायकल स्टँडवर ठेवायची, मंगच पट्टा सोडायचा. सायकल हातात असताना पट्टा सुटला की शिट्टी. परत पट्टा लावायचा आणि खडूच्या चौकटीत पंधरा सेकंद उभं राहायचं. बस. लोक म्हणतात, एवढ्याशा गोष्टीले एवढं काय? अरे बापा, तुमी उरल्यात राहा आठ दिवस, ट्रकच्या बाजूनं सायकल चालवा, मंग सांगा एवढीशी गोष्ट हाये का ते. मले हा नियम जसाच्या तसा पटला. माह्यी ड्यूटी त्याच जागी लागली, सायकल ठेवायच्या लाइनीवर.

पहिलं वर्ष साधंच झालं. दुसऱ्या वर्षी समितीनं ठरवलं, पाहुणी आणायची, पण नेता नाई, सिनेमावाला नाई, खरी खेळाडू. म्हून रेवतीताई आली. कोल्हापूरकडची पोरगी, सत्तावीस-अठ्ठावीसची असंन, देशाकडून बाहेर जाऊन धावलेली, पदकं आणलेली. सचिव भैया, समितीचे सचिव, आमी सारे त्यायले सचिव भैयाच म्हणतो, ते मीटिंगमध्ये म्हणे, बच्चों को एक आदर्श चाहिए, उनको देखके बच्चे सीखेंगे. आणि झालं बी तसंच. तिचा मोठा फोटो छापून जागोजागी होर्डिंग लावलं, तेलीबांध्याच्या चौकात एक, नव्या रायपूरच्या रस्त्यावर तीन-चार. फोटोत ती सायकल धरून हसून राहिली, आणि हेल्मेटचा पट्टा सुटलेला, दोन्हीकडून वेण्यांसारखा लोंबून राहिला. दिसायले लई छान. तवा माह्या ध्यानात आलं नाई. खोटं कायले सांगू, पंच असून माह्या ध्यानात आलं नाई.

माह्या शाळेतून सहा पोट्टे-पोट्ट्या घेतल्या होत्या. त्यात लछमीन. अकरा वर्षांची, वाळक्या काडीसारखी, पण जीभ अशी चालायची की विचारू नका. तिचा बाप बुधराम मिलमध्ये लाल सळाखी ओढणारा, दोन्ही हातावर भाजल्याचे डाग. लछमीन तलावात मासोळीवाणी पोहे, सायकल तिच्याजवळ नव्हती तर माह्या पोराची जुनी दिली, तिनं ते रंगवून घेतली. आणि रेवतीताईचं वेड म्हंजे असं, पेपरमधला तोच फोटो कापून गणिताच्या वहीत चिकटवलेला. रेवतीताई केस कसे बांधते, तसे बांधायचे. रेवतीताई सायकलीवर उडी मारून कशी बसते, ते मोबाईलवर पाहून शाळेच्या मैदानात दहा वेळा पडली. म्या म्हणलं, लछमीन, गुडघ्याची चाळण करशील. तर म्हणे, दीदी भी गिरी होगी मैडम, पहले.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी आमी सहा लेकरं आणि दोन मास्तर, मिलच्या एका गाडीतून गेलो. थंडीचे दिवस, स्विमिंग पूलच्या पाण्यातून वाफ निघून राहिली. रेवतीताई आधीच आलेली. मंचावर बसली नव्हती, लाइनीजवळ येऊन लेकरांच्या सायकलीतली हवा दाबून पाहत होती. माह्या जाकिटावरचं नाव वाचलं, म्हणे, रामटेके, म्हणजे तुम्ही मराठी? म्या म्हणलं, हव, आमी रायपूरचे मराठी. तिले हसू आलं, म्हणे तुमची मराठी ऐकायला फार गोड वाटते. म्या म्हणलं, तुमची मले पुस्तकासारखी वाटते. अशी आमची ओळख.

दहा-अकरा वर्षांचा गट आधी सुटला. लछमीन पाण्यातून तिसरी निघाली, सायकलवर तिनं दोघायले मागं टाकलं, आणि परत आली ते पहिली. मागच्याहून दहाएक सेकंद पुढं. मी लाइनीवर उभी, माह्या शाळेची पोट्टी, उरल्याची, पहिली! ती सायकलवरून उतरली, सायकल ढकलत स्टँडकडं धावली, आणि धावता धावता एका हातानं, फोटोतल्यासारखाच, टक्कन पट्टा सोडला. दोन्हीकडून लोंबायले लागला. स्टँड अजून पाच-सहा पावलं दूर.

म्या शिट्टी वाजवली.

तिनं माह्याकडं पाहिलं. म्हणे, मैडम, मैं हूँ! जशी काही म्या तिले ओळखलंच नाई. मैं हूँ मैडम, लछमीन! म्या म्हणलं, लछमीन, पट्टा लाव, चौकटीत ये. तिले खरंच वाटेना. मंग आली, उभी राहिली, आणि रडायले लागली, उभ्या उभ्या, आवाज न करता. पंधरा सेकंद किती असतात? तुमी आता कपात साखर ढवळली ना, तेवढे. तेवढ्यात तीन पोट्ट्या तिच्या समोरून निघून गेल्या. रडत रडत धावली, आणि रडत धावलं की श्वास पुरत नाई, ते तुमाले माहीत हाये. चौथी आली.

आमचे हेडमास्तर सोबत होते, ते म्हणे, मैडम, अपनी ही बच्ची को? खरं म्हंजे आपल्या शाळेच्या लेकरावर आपण पंच नसायले पायजे, पण माणसं कमी होती. मंग बुधराम आला. मिलमधून सुट्टी काढून पोरीले पाहायले आला होता, धुतलेला शर्ट घालून. मले वाटलं आता हा चार शब्द ऐकवते, आणि ऐकवले असते तर म्या ऐकले असते. पण तो शांत. म्हणे, गलती करिस त रुके ला परही. चूक केली तर थांबावंच लागंल. आणि मंग अगदी हळू म्हणे, फेर दूसर मन घलो रुकहीं न मैडम? म्हंजे, बाकीचे बी थांबतील ना मैडम?

मी म्हणली, हव. त्याले काय वाटलं माहीत नाई, पण मले त्या झेंडीवाल्या साहेबाचा हात आठवला. हव म्हणणं सोपं असते.

लछमीन माह्याशी बोलली नाई. कठड्याच्या पलीकडं, लाइनीच्या अगदी समोर जाऊन बसली, मांडीवर हेल्मेट घेऊन, माह्याकडं पाठ.

शेवटी रेवतीताईची धाव होती. म्हंजे मोठ्या लेकरांचा गट, तेरा-चौदा वर्षांचे, ते आधी सुटणार, आणि ताई मागून सुटून त्यायले गाठणार. नुसती गंमत, बक्षीस नाई. पण काय गर्दी, काय गर्दी! सारे लेकरं कठड्याले चिकटले, दीदी, दीदी, दीदी. ती पाण्यात उतरली ते माय, पाणी कापून गेली. सायकलवर तर अशी वाकली की पाठीवर पाण्याचा पेला ठेवला असता तर सांडला नसता. म्या जन्मात असं पाहिलं नव्हतं. आमच्या म्हशीनं शिकवलेलं पोहणं कुठं आणि हे कुठं! एकेका पोट्ट्याले ओलांडत गेली, आणि सायकल संपवून आली तवा समोर एकच उरला होता, शहरातल्या ब्राह्मणपाऱ्यातला एक पोट्टा, तो धावायले निघून गेला होता.

ती उतरली. लेकरं ओरडून राहिले, ती हसून राहिली, एका हातानं सायकल ढकलत, दुसरा हात लेकरायले दाखवत आली, आणि तोच हात हनुवटीखाली गेला आणि पट्टा सुटला. स्टँड तीन पावलं दूर होतं. तीनच.

आता म्या तुमाले सांगितलं की मी खोटं बोलत नाई, तर हे बी सांगते. एक क्षण माह्या तोंडातली शिट्टी फुंकल्या गेली नाई. मनात आलं, पाहुणी हाये, गंमतीची धाव हाये, तीन पावलं हायेत, कोण पाहून राहिलं? सचिव भैया बाजूलेच होते, त्यायनं पाहिलं असंन, कारण ते पटकन म्हणे, मैडम, रहने दो. आणि ते रहने दो म्हणले म्हून माह्या डोक्यात उजेड पडला. म्या समोर पाहिलं. लछमीन उठून उभी राहिली होती. ती रेवतीताईकडं पाहत नव्हती, माह्याकडं पाहून राहिली होती. तिच्या मागं तिचा बाप, तो बी माह्याकडंच.

म्या शिट्टी वाजवली. अशी वाजवली की मंचावरचे पाहुणे उठून उभे राहिले.

ताईनं सायकल स्टँडवर ठेवली होती, दोन पावलं धावली बी होती. थांबली. वळून म्हणे, मला? म्या म्हणलं, तुमालेच. पट्टा. तिचा चेहरा मले आजबी दिसते, एक क्षण राग आला तिले, आला होता, माणूसच हाये, एवढ्या लोकांसमोर. सचिव भैया धावत मधात आले, म्हणे मैडम, ये क्या कर रही हैं आप, ये प्रदर्शन है, मेहमान हैं हमारी, मीडिया खड़ा है. म्या म्हणलं, भैया, सकाळी एका पोट्टीले याच जागी थांबवलं. नियम सकाळचा एक आणि दुपारचा एक हाये का? त्यायले माह्यी मराठी किती समजली देव जाणे, पण ताईले समजली. तिनं विचारलं, कोणाला थांबवलं होतं? म्या बोट दाखवलं.

ताईनं लछमीनकडं पाहिलं. मंग परत आली, हेल्मेट डोक्यावर घातलं, पट्टा लावला, टक्क, आणि खडूच्या चौकटीत येऊन उभी राहिली. दोन्ही हात कमरेवर, मान वर. म्या घड्याळ पाहून मोजायले लागली. आणि काय झालं सांगू, कठड्यावरची लेकरं बी मोजायले लागली. एक, दो, तीन. आधी दोन-चार, मंग सारेच, शंभर-दीडशे लेकरं, सात, आठ, नौ. चिडवून नाई हो, शाळेत पाढे म्हणतात तसे, मोठ्यानं, सुरात. पंधरा झाले. म्या म्हणलं, जा. तिनं हेल्मेट काढून ठेवलं आणि अशी पळाली, पण तो ब्राह्मणपाऱ्याचा पोट्टा काही सापडला नाई. तो पहिला, ती दुसरी. तो पोट्टा आजबी साऱ्या दुनियेले सांगत फिरते की मैंने रेवती दीदी को हराया है. पंधरा सेकंदांचं तो सांगत नाई. सांगू बी नये, त्याचं वय हाये ते.

धाव संपल्यावर ताई मंचावर गेली नाई. ओल्या केसानं सरळ लछमीनजवळ आली, खाली मातीत बसली. मी जराशी मागं उभी होती, सारं ऐकलं. तिनं विचारलं, तू वहाँ खड़ी थी तो क्या किया? लछमीन म्हणे, रोई. ताई म्हणे, मैं क्या कर रही थी, देखा? लछमीननं मान हलवली, नाई पाहिलं. तर ताई म्हणे, मैं साँस ले रही थी. नाक से अंदर, मुँह से बाहर, पूरे पंद्रह सेकंद. दौड़ में इतना आराम कोई मुफ़्त में देता है क्या? मंग तिनं सांगितलं, एकदा परदेशात मोठ्या स्पर्धेत तिले असंच थांबवलं, तर ती पंचाशी भांडत बसली, दहा सेकंदांची शिक्षा आणि भांडणात गेला अर्धा मिनिट. म्हणे, सीटी बजे तो झगड़ना नहीं, रोना नहीं, साँस लेना, और फिर भागना. लछमीन सारं ऐकत होती. मंग आपली जीभ चाललीच तिची. म्हणे, लेकिन दीदी, फोटो में तो आपका बेल्ट खुला है.

कौन सी फोटो?

लछमीननं बोट दाखवलं, तिथंच स्विमिंग पूलच्या भिंतीवर होर्डिंग होतं, घराएवढं. ताईनं वर पाहिलं. तिनं तो फोटो शंभर वेळा पाहिला असंन, पण तसा नव्हता पाहिला. म्हणे, वो तो रेस के बाद की फोटो है. लछमीन म्हणे, फोटो में थोड़ी लिखा है. मले हसू बी येऊन राहिलं आणि डोळे बी भरून येऊन राहिले. मंग ताई उठली, सचिव भैयाले म्हणे, ये फोटो उतरवा दीजिए. ते म्हणे, मैडम, इतने बड़े-बड़े छपवाए हैं. ती म्हणे, दूसरी मैं भेज दूँगी. आणि जातानी माह्याजवळ आली, हात जोडले नाईत, पाया पडली नाई, असं काही नाटक नाई. नुसती म्हणे, मॅडम, शिट्टी वाजवायला जरा उशीर केलात. म्या म्हणलं, हव, केला. बस, एवढंच.

लछमीन मात्र त्या दिवशी माह्याशी बोलली नाई ते नाईच. सोमवारी शाळेत आली, माह्या टेबलावर हेल्मेट ठेवलं, म्हणे, मैडम, आज से रोज़ स्टँड तक. म्हंजे रोज सायकल ठेवण्याचा सराव. म्या म्हणलं, चल.

आता समितीचं सांगते. पुढच्या वर्षी मले बोलावणं आलं नाई. सरळ कोणी काही म्हणलं नाई, पण शिबिराचा फोन साऱ्या मास्तरायले आला, मले नाई. आमचे हे म्हणे, जाऊ दे. म्या म्हणलं, जाऊ कायले देऊ, लेकरं घेऊन तर मी जाणारच हाये, त्यायनं पंच नाई केलं तर कठड्यावर उभी राहीन, डोळे तर माह्येच हायेत. मंग स्पर्धेच्या आठ दिवस आधी सचिव भैयाचाच फोन. आवाज जरा पडलेला. रेवतीताईले परत बोलावलं होतं, तर तिनं विचारलं म्हणे, त्या शिट्टीवाल्या मॅडम आहेत ना लाइनीवर? त्या असतील तर येते. भैया म्हणे, मैडम, आप आ जाइए. म्या म्हणलं, येते, पण माह्या शाळेच्या लेकरायच्या गटाले दुसरा पंच द्या. दिला. आता ते भैया आणि मी चांगले दोस्त हावोत, माणूस वाईट नाई, त्यायले फक्त पाहुण्याची काळजी जास्त. आणि होर्डिंग नवीन लागलं होतं. त्यात ताईचा पट्टा हनुवटीखाली गच्च, गाल वर आलेले, तोंड असं फुगलेलं, काही सुंदर दिसत नव्हती. लेकरं त्याच्याखाली उभे राहून तसंच तोंड फुगवून फोटो काढत.

लछमीन त्या वर्षी दुसरी आली. त्याच्या पुढच्या वर्षी पहिली. आता सोळा-सतरा वर्षांची हाये, राज्याकडून दोनदा बाहेर जाऊन आली. मागच्या वेळी अकरावी आली, मोठ्या मोठ्या शहरांच्या पोट्ट्या, त्यायच्या सायकली हवेसारख्या, तर अकरावी म्हंजे काही कमी नाई. ती रेवतीताई होईन का, मले माहीत नाई. लोक विचारतात, मी खोटी आशा देत नाई. पण ते अभ्यास करून राहिली, खेळून राहिली, आणि दर रविवारी सकाळी उरल्याच्या तलावावर वीस-पंचवीस लहान लेकरायले शिकवून राहिली. कोणी सांगितलं नाई तिले. बुधराम काठावर दोर धरून बसते, कोणी खोल पाण्यात गेलं तर.

मी आता रिटायर होणार, थोडेच महिने उरले. गुडघे दुखतात, उभं राहणं जमत नाई पहिल्यासारखं. पण रविवारी सकाळी मी तिथं असतेच, खुर्ची टाकून. मागच्या रविवारी काय पाहिलं ते सांगते आणि मंग तुमाले जेवायले वाढते. लछमीनले एक खोड हाये, जोरात धावतानी जीभ बाहेर काढते, उजव्या कोपऱ्यातून, जराशी. लहानपणापासून. म्या कधी मनावर घेतलं नाई. तर रविवारी पाहते तर काय, ती समोर धावून राहिली आणि तिच्या मागं सहा-सात वर्षांच्या पोट्ट्यांची लाइन, आणि साऱ्यांच्या साऱ्यांची जीभ बाहेर, उजव्याच कोपऱ्यातून! मी हसून हसून खुर्चीतून पडायची राहिली. जवळ आली तशी म्या तिले हाक मारली, म्हणलं, लछमीन, मागं पाहा. तिनं मागं पाहिलं. पाहून अशी लाजली, अशी लाजली, कान लाल झाले. म्हणे, मैडम, अब क्या करूँ? म्या म्हणलं, मले काय विचारते, माह्ये दिवस झाले, आता ते तुह्याकडं पाहून राहिले.

तिनं जीभ आत घेतली, तोंड बंद केलं, आणि परत धावायले लागली. एक-एक करून मागच्यायचे बी तोंड बंद झाले. सुखी राहोत बापा सारे, त्यायच्या छातीत दम राहो. चला, हात धुवा, भात निवून राहिला.